साक्षीदार क्रमांक तीन

घरी तिला वकीलबाई म्हणायचे, आणि हे नाव तिला कॉलेजात जाण्याच्या कितीतरी आधी पडलं होतं. नवव्या वर्षी तिनं पोलिसांना जबाब दिला, साडेदहाव्या वर्षी कोर्टात साक्ष दिली, आणि त्या साक्षीवर एका माणसाला चार वर्षांची शिक्षा झाली. सरकारी वकिलांनी तिची पाठ थोपटली. न्यायाधीशांनी निकालपत्रात तिला 'धीट व चुणचुणीत' म्हटलं. तेव्हापासून आई आल्यागेल्याला सांगायची, "आमची पोर भर कोर्टात जराही चाचरली नाही." त्यामुळे मुलीनं पुढे पदवीला गुन्हेगारीशास्त्र आणि कायदा घेतला तेव्हा कुणी भुवई उंचावली नाही. वळणाचं पाणी वळणावर गेलं, असंच सगळे म्हणाले.

प्रवेशाच्या मुलाखतीत हा विषय का घ्यायचाय, असं विचारलं तेव्हाही तिनं तीच गोष्ट सांगितली. दुपारची वेळ, ती जिन्यात खेळत बसलेली, वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंच्या घरातून एक माणूस भरभर खाली येतो. तो तिच्या शेजारून जातो, दोन पायऱ्या उतरतो, मागे वळतो आणि ओठांवर बोट ठेवतो. गप्प राहा. पण ती गप्प राहिली नाही. मुलाखत घेणारे तिघेही खुर्चीत पुढे सरकले होते. गोष्ट चांगलीच होती, आणि सांगून सांगून तिला छान धारही आली होती.

तो माणूस म्हणजे रेडिओकाका. नात्यानं कुणी नव्हे. तिच्याच मजल्यावर, घरासमोरच्या खोलीत राहायचे आणि घरातच रेडिओ, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायचे. एकटा जीव. मोडक्या रेडिओंची बटणं ते या पोरीला खेळायला द्यायचे आणि तिला हाकही 'बटण' अशीच मारायचे. शिकवणीच्या बाईंना कुणीतरी मागून ढकललं, कपाट फोडलं, दागिन्यांचा डबा नेला. बाईंच्या खुब्याचं हाड मोडलं. त्या दोन वर्षं काठीवर काढून गेल्या. ढकलणाऱ्याचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं. पाहणारी एकच होती, आणि तिनं रेडिओकाकांचं नाव घेतलं.

तिसऱ्या वर्षी तिच्या वर्गाला पुराव्याचा कायदा शिकवायला एक सर आले. वीस वर्षं वकिली करून कंटाळून शिकवायला आलेला माणूस. पोरांनी आठ दिवसांत त्यांचं नाव 'रकानेसर' ठेवलं. कारण त्यांची एकच तऱ्हा होती. फळ्यावर ते तीन रकाने आखायचे: पाहिलं, ऐकलं, वाटलं. मग साक्षीतलं एकेक वाक्य उचलायचं आणि योग्य रकान्यात टाकायचं. 'तो घाबरलेला होता' हे वाक्य पोरं हटकून पहिल्या रकान्यात टाकायची. सर खडू खाली ठेवून विचारायचे, "घाबरणं कसं दिसतं? रंग कोणता त्याचा?" मग वाक्य मुकाट तिसऱ्या रकान्यात जायचं.

एकदा त्यांनी वर्ग सुरू असताना एका शिपायाला आत पाठवलं, टेबलावरची छत्री उचलून न्यायला लावली आणि सगळ्यांना लगेच लिहायला सांगितलं. चाळीस पोरांत शिपायाला सात जणांनी मिशी फुटवली आणि दोघांनी लंगडा केला. वकीलबाईचं टिपण सगळ्यांत चांगलं निघालं. सर म्हणाले, "या मुलीला डोळे आहेत." तिला काही नवीन वाटलं नाही. डोळे आहेत हे तर न्यायाधीशांनीही लिहून दिलं होतं.

वर्षाचा मोठा प्रकल्प असा होता: जिल्हा कोर्टाच्या रेकॉर्ड रूममधून निकाली निघालेली एक जुनी फाईल निवडायची, प्रत्येक साक्षीदाराचं प्रत्येक वाक्य तीन रकान्यांत मांडायचं, आणि निकाल कोणत्या रकान्यावर उभा आहे ते लिहायचं. शंभर गुण. सोमवारी वही द्यायची आणि बुधवारी बाहेरच्या परीक्षकांसमोर उभं राहून सांगायचं.

तिनं फारसा विचार केला नाही. घरची केस, घरचा साक्षीदार, पाठ असलेली गोष्ट. आयतं ताट वाढलेलं असताना चूल कोण पेटवतो? शिवाय बुधवारी सगळं सांगून झाल्यावर शेवटी 'आणि साक्षीदार क्रमांक तीन म्हणजे मी' असं म्हणायचं, हेही तिनं मनात ठरवून टाकलं होतं. परीक्षक खुर्चीत पुढे सरकतील, याची तिला खात्री होती.

रेकॉर्ड रूमचा कारकून नाकावर रुमाल बांधून काम करायचा, कारण फायलींच्या धुळीनं त्याला शिंका यायच्या. त्यानं वर्ष विचारलं, शिडी लावली, गठ्ठा उतरवला आणि लाल फीत सोडली.

"पुढच्या वर्षी आली असतीस तर रद्दीत गेली असती," तो म्हणाला. "निकालापासून दहा वर्षं ठेवतो आम्ही. नातेवाईक आहे का कुणी?"

"नाही. अभ्यासाला हवीय."

"बरं. पानं मोजून घे आणि मोजून दे."

खिडकीजवळच्या टेबलावर बसून तिनं वही उघडली आणि पट्टीनं रकाने आखले. पहिल्या दोन साक्षीदारांत तासभर गेला. बाईंची साक्ष जवळजवळ सगळी दुसऱ्या रकान्यात गेली: दाराचा आवाज, मागे पावलं. हाताच्या ठशांचा अहवाल होता. कपाटावर रेडिओकाकांचे ठसे सापडले होते. पण बाईंचा रेडिओ त्याच कपाटावर ठेवलेला असायचा आणि दोनच दिवसांपूर्वी काकांनी तो दुरुस्त करून तिथे नेऊन ठेवला होता. हे त्याच अहवालाच्या खाली कुणीतरी बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, आणि पुढे कुणी ते वाचल्याची खूण नव्हती.

मग साक्षीदार क्रमांक तीन आली. वय वर्षे नऊ.

तिला वाटलं होतं एकच जबाब असेल. निघाले दोन, आणि तिसरी कोर्टातली साक्ष. पहिला जबाब त्याच दिवशी संध्याकाळचा होता, अर्ध्या पानाचा. "मी जिन्यात खेळत होते. वरून एक माणूस भरभर खाली गेला. त्याने चौकडीचा शर्ट घातला होता. तो पाठमोरा होता. मला तोंड दिसले नाही." खाली तिची सही, दोन अक्षरं ओळीच्या वर चढलेली.

दुसरा जबाब अकरा दिवसांनंतरचा. तोवर रेडिओकाकांच्या खोलीतून चौकडीचा शर्ट जप्त झाला होता. पोलिसाचा प्रश्नही लिहिलेला होता, उत्तरही. "असा शर्ट तू कोणाच्या अंगात पाहिला आहेस?" "रेडिओकाकांच्या." "मग जिन्यात कोण होते?" "रेडिओकाका होते."

आणि कोर्टातली साक्ष दीड वर्षानंतरची. "त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिले आणि तोंडावर बोट ठेवून गप्प राहण्याची खूण केली." आरोपीला सरकारनं दिलेल्या वकिलानं उलटतपासणीत चार प्रश्न विचारले होते. शाळा कोणती, इयत्ता कोणती, जिन्यात अंधार होता का, आणि खरं बोलतेस ना. चौथ्याचं उत्तर होतं, हो.

वकीलबाईनं पेन खाली ठेवलं. ओठांवरचं बोट कोणत्या रकान्यात टाकायचं, तिला कळेना. ते तर तिला आजही दिसत होतं. बोटाच्या नखाखालचा काळा डाग दिसत होता. पण पहिल्या दिवशी, गोष्ट ताजी असताना, ज्या मुलीला तोंड दिसलं नव्हतं तिला बोट कुठून दिसणार? नऊ वर्षांची पोर चौकडी आठवून सांगते आणि कुणी गप्प राहा म्हणून खूण केली ती विसरते, असं होत नाही. रकानेसरांच्या वर्गात दुसऱ्या कुणाच्या साक्षीत हे सापडलं असतं तर तिनं सर्वांत आधी हात वर केला असता.

तिनं फाईल बंद केली, पानं मोजली आणि कारकुनाला म्हणाली, "दुसरी देता का एखादी?"

त्यानं सायकलचोरीची दिली. चोर, सायकल आणि तिघे बघे. सायकलचोरी फार सोपी होती. दोन तासांत तिची अर्धी वही भरली आणि तरी तिचं लक्ष त्या लाल फितीवर होतं. चरफडत ती उठली, सायकलवाली फाईल परत केली, आणि पहिल्या जबाबाची नक्कल मागणारा अर्ज लिहून दिला. कारकुनानं शिक्का मारता मारता पान वाचलं. धंद्याची सवय, दुसरं काय.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," तो रुमालातून म्हणाला.

"तो संन्यासी होता हेसुद्धा आपल्याला माहीत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा कोरडा निघाला.

*

तिचे बाबा शिंपी. दुकान घराच्याच खाली, दोन मशीन, एक इस्त्रीचं टेबल आणि भिंतीला लागून मापाच्या वह्यांची रांग. बाबांची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाचं माप लिहिलं की त्या पानाला त्याच्या कापडाचा बोटभर तुकडा टाचून ठेवायचा, म्हणजे कापडांची अदलाबदल होत नाही. जुनी वही ते कधी टाकायचे नाहीत. "माणूस बदलतो, माप बदलतं, पण वही लागते," असं म्हणायचे. वकीलबाई या वह्यांतल्या चिंध्या कुरवाळत मोठी झाली होती. म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा असलाच प्रकार होता.

बाबा काजं करत होते. तिनं स्टूल ओढलं आणि अकरा वर्षांपूर्वीची वही काढली.

"काय शोधतेस?"

"रेडिओकाकांचा शर्ट तुम्हीच शिवला होता ना?"

बाबांची सुई थांबली नाही. "मीच. मग दुसरा कोण शिवणार होता?"

पान सापडलं. तपकिरी आणि निळ्या चौकडीचा तुकडा, टाचणी गंजून त्याला भोक पडलेलं. तिनं पुढची पानं उलटली. चार पानांनंतर तोच तुकडा. मग पुन्हा. एकूण पाच पानांवर तीच चौकडी होती; त्यांतल्या दोघांची नावं तिला माहीतही नव्हती. पाचव्या पानावर नावाच्या जागी 'स्वतः' असं लिहिलेलं होतं.

"पाच शर्ट," ती म्हणाली.

"एक तागा स्वस्तात आला होता. पाचच निघाले." बाबांनी दोरा दातानं तोडला. "दोघे तर रस्त्यावरचे, माप देऊन गेले, शर्ट घेऊन गेले. तोंडंही आठवत नाहीत."

"तुम्ही पोलिसांना सांगितलं का?"

"विचारलं नाही कुणी."

"कोर्टात?"

"बोलावलं नाही."

"बाबा."

बाबांनी कापड मांडीवर ठेवलं. "अगं, पाचांतला एक माझ्या अंगात. सांगितलं असतं तर उद्या मलाच उचलला असता."

"तुम्ही त्या दुपारी दुकानात होतात. समोर दोन गिऱ्हाइकं बसली होती. हे फायलीत आहे, साक्षीदार क्रमांक पाचच्या जबाबात. तुम्हाला कुणी हात लावणार नव्हतं, आणि ते तुम्हाला तेव्हाही माहीत होतं."

 रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"कोर्टात मी मागच्या बाकावर होतो," ते म्हणाले. "तू उभी राहिलीस आणि छातीठोक सांगितलंस. आता मी उठून काय म्हणायचं होतं? की असले शर्ट पाच आहेत, माझ्या पोरीचं ऐकू नका? भर कोर्टात बापानं लेकीला खोटं पाडायचं?"

"मी खोटं बोलत नव्हते."

"तेच तर. खोटं बोलत असतीस तर कान पिरगाळून घरी आणलं असतं. तू खरं समजून बोलत होतीस." त्यांनी काजाची सुई पुन्हा हातात घेतली, पण टाका घातला नाही. "मग मीही खरं समजलो. सोपं होतं ते."

तिला बाबांचा राग आला, आणि त्याच वेळी त्यांची कीवही आली. दोन्ही एकदम आल्यामुळे कोणतंच नीट बाहेर पडलं नाही. आतून आईनं चहाला हाक मारली. "आमच्या वकीलबाईंचं झालं का काम?" असंही विचारलं. मग ती स्वतःच दोन कप घेऊन आली, दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि कप ठेवून गुपचूप परत गेली. वकीलबाईनं त्या पानावरचा तुकडा टाचणीसकट काढला. बाबांनी नुसतं पाहिलं. अकरा वर्षांत त्या वहीतून निघालेली ती पहिली चिंधी.

*

सोमवारी तिनं वही दिली. साक्षीदार क्रमांक तीनच्या पानावर, तीन रकान्यांच्या वर, तिनं स्वतःचं नाव लिहिलं होतं. बुधवारचं नाटक तिनं मनातून काढून टाकलं होतं. रकानेसरांनी वही तिच्यासमोरच वाचली, कारण त्यांना ती सवय होती; पोरांना घाम फुटायचा. 

"शिक्षेला तुझ्याशिवाय दुसरा आधार काय होता?"

"हाताचे ठसे. पण रेडिओ त्यांनीच दुरुस्त केला होता."

"म्हणजे तूच."

"हो."

"वही चांगली झालीय," सर म्हणाले. "गुण मिळतील. आता हे त्याला सांगायला पाहिजे. पुढे वरच्या कोर्टात जायचं की नाही, ते त्याचं त्यानं ठरवावं, मी कागद बघून देईन." त्यांनी वही तिच्याकडे सरकवली. "एक लक्षात ठेव. माफी मागायला म्हणून जाऊ नकोस. त्या माणसाकडून बरंच काही नेलेलं आहे, आणखी मागू नकोस. पाहिलं तेवढं सांग आणि ये."

"मी सांगितल्यावर त्यांनी हाकलून दिलं तर?"

"तर तो तिसरा रकाना. आधीच कशाला भरतेस?"

पत्ता मिळवायला अवघड गेलं नाही. शिक्षा भोगून आल्यावर रेडिओकाकांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बस डेपोच्या भिंतीला लागून, एक टपरी थाटली होती. मिक्सर, पंखे, इस्त्री आणि 'जुने रेडिओ विचारून आणावेत' अशी पाटी. ती मंगळवारी सकाळी अकराला पोचली. तिच्या आधी एक बाई मिक्सर घेऊन उभी होती. तिचं होईपर्यंत वकीलबाई लांब थांबली. तेवढ्यात परत जाण्याचा विचार तिनं तीनदा केला. बाई गेली.

काका वाळले होते आणि केस सगळे पांढरे झाले होते. एक जुना रेडिओ पालथा करून, पाठ उघडून, त्याला कान लावून बसले होते. तिची चाहूल लागली तेव्हा त्यांनी वर पाहिलं नाही. नुसतं एक बोट ओठांवर ठेवलं, थांबा, ऐकू द्या, असं. नखाखाली डाग होता, तारा जोडताना डाख मारण्याचा. आतून खरखर येत होती आणि ते ती ऐकत होते.

वकीलबाई जागच्या जागी उभी राहिली. आपल्याला ते बोट कुठे दिसलं होतं, हे तिला आता कळलं. जिन्यात नव्हे. समोरच्या खोलीत, सतरंजीवर, बटणांची रास पुढ्यात घेऊन बसलेली असताना. बडबड चालू असायची तिची, आणि काकांना खरखर ऐकायची असायची. असं ते दिवसातून चारदा करायचे. कुठलं बोट कुठल्या दुपारला जाऊन चिकटलं होतं, आणि तिनं ते न्यायाधीशांना सांगितलं होतं. 

काकांनी एक तार हलवली, खरखर थांबली, तेव्हा त्यांनी वर पाहिलं. पाहत राहिले.

"बटण," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो.

"हो, काका."

त्यांनी बसायला सांगितलं नाही, जायलाही सांगितलं नाही. ती समोरच्या स्टुलावर बसली आणि पिशवीतून नक्कल काढली. मनात पाठ करून आणलेलं सगळं विसरली होती, तेच बरं झालं.

"मी कोर्टातली फाईल वाचली," ती म्हणाली. "मी तुमचं नाव घेतलं, पण मी तोंड पाहिलं नव्हतं. पाठ पाहिली होती आणि चौकडीचा शर्ट पाहिला होता. तुम्ही वळलात आणि बोट ठेवलंत असं मी सांगितलं, ते जिन्यात झालंच नव्हतं. तसले शर्ट बाबांनी पाच शिवले होते. हा माझा पहिल्या दिवशीचा जबाब."

काकांनी हात पुसले. पुसायचं फडकं टेबलाच्या कडेला लोंबत होतं, तेलानं काळं झालेलं. एका कोपऱ्यात तपकिरी आणि निळी चौकडी अजून ओळखू येत होती.

"शर्ट परत मिळाला होता," तिची नजर पाहून ते म्हणाले. "अर्ज केला, मुद्देमाल परत दिला त्यांनी. पण अंगात घालवेना." मग थोडं थांबून, "बापाला सांग, शिवण अजून उसवली नाही."

त्यांनी कागद घेतला आणि लांब धरून वाचला. चार ओळींचाच मजकूर, पण त्यांना वेळ लागला. दुसऱ्यांदाही वाचला.

"हे पहिल्या दिवशीच सांगितलं होतंस?"

"हो. संध्याकाळी."

"आणि हे फायलीत होतं."

"एकोणिसाव्या पानावर."

"माझ्या वकिलाकडे होती की फाईल." ते हळू म्हणाले. "तो म्हणायचा, लहान पोरीला फार छेडलं तर न्यायाधीश चिडतात." ते हसले, म्हणजे नाकातून थोडी हवा सोडली. "मला वाटायचं, तुला पढवलं. तुझ्या बापानं. माझं त्याचं एकदा पाण्याच्या नळावरून वाजलं होतं. चार वर्षं आत आणि सहा वर्षं बाहेर, मी तो नळ डोक्यात घेऊन फिरलो."

"कुणी पढवलं नाही. मला तसं दिसायला लागलं. नंतर."

"नंतर," काका म्हणाले.

तिनं सरांचं सांगितलं, वरच्या कोर्टाचं सांगितलं, बाबांच्या वहीतली चिंधी टेबलावर ठेवली. काकांनी चिंधी फडक्याच्या कोपऱ्याशी लावून पाहिली. धुण्यानं आणि तेलानं दोन्हींचा रंग आता जुळत नव्हता. कोर्टाचं ऐकून त्यांनी मान हलवली, पण ती हो म्हणून होती की नाही म्हणून, ते तिला समजलं नाही. रस्त्यावर डेपोतून बस बाहेर पडली आणि टपरीचा पत्रा थरथरला.

बसचा आवाज विरल्यावर त्यांनी विचारलं, "मग आता सांग. जिन्यातला तो माणूस मी होतो?"

तिला 'नव्हतात' म्हणावंसं वाटलं. फार वाटलं. त्यांच्या तोंडाकडे पाहून तर कुणालाही तेच म्हणावंसं वाटलं असतं, आणि म्हणायला काही लागतही नव्हतं. म्हाताऱ्या माणसाला बरं वाटलं असतं, तिला त्याहून बरं वाटलं असतं, आणि दोघं हलक्या मनानं चहा प्यायले असते. पण तिनं पाठ पाहिली होती. पाठ आणि शर्ट.

"मला माहीत नाही, काका."

काका तिच्याकडे पाहत राहिले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

"एवढंच म्हणायचं होतं गं तेव्हा," ते म्हणाले.

त्यांनी कागदाची घडी घातली, चिंधी तिच्या आत ठेवली, आणि घडी सदऱ्याच्या खिशात टाकून वरून हात दाबला. मग रेडिओ पुन्हा जवळ ओढला. खरखर परत सुरू झाली होती. वकीलबाई काहीतरी बोलणार, एवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि कान लावला. ती गप्प बसली.